भाऊ डीआरडीओत, आई-बाबा सांगलीत: अमेरिकेत सिक्युरिटी क्लिअरन्स मिळेल का?

तुमचा प्रश्न आधी नीट मांडते, म्हणजे अशाच पेचात असलेल्या इतरांनाही कळेल. तुमचा जन्म सांगलीचा. 2004 मध्ये शिकायला अमेरिकेत आलात, 2020 मध्ये इथलं नागरिकत्व घेतलंत, आता व्हर्जिनियात सॉफ्टवेअरचं काम करता. कंपनीला संरक्षण खात्याचं कंत्राट मिळालंय आणि तुमच्यासाठी 'सीक्रेट' पातळीची क्लिअरन्स, म्हणजे गोपनीय सरकारी माहिती हाताळायची परवानगी, मागणार आहेत. आई-बाबा सांगलीतच असतात; बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले, त्यांना पेन्शन आहे. थोरला भाऊ पुण्यात डीआरडीओच्या प्रयोगशाळेत. बायको ग्रीन कार्डवर, सासू-सासरे नाशिकला. मिरजेकडे थोडी वडिलोपार्जित जमीन. आणि एका मित्राने सल्ला दिलाय की फॉर्म भरायच्या आधी सहा महिने घरचे फोन कमी कर, भावाचं नुसतं 'सरकारी नोकरी' एवढंच लिही आणि जमिनीचा विषयच काढू नकोस.

त्या मित्राचं ऐकू नका. त्याने सुचवलेल्या तिन्ही गोष्टींनी अर्ज बुडतात, आणि तिन्ही प्रकारे बुडालेले अर्ज मी पाहिले आहेत. अठरा वर्षं मी याच कामात वकिली करते आहे. भारतात आई-वडील आहेत एवढ्याच कारणावरून अडलेला माणूस मी क्वचित पाहिला. त्यांच्याबद्दल अर्धवट सांगितल्यामुळे अडकलेली चांगली, सरळ माणसं मात्र पुष्कळ पाहिली, आणि त्याचं वाईट वाटतं, कारण त्यांच्याकडे लपवण्यासारखं काहीच नव्हतं.

तुमचे आई-बाबा आणि सासू-सासरे यांच्यामुळे मला काळजी वाटत नाही. भावामुळे वाटते. पण ती हाताळता येण्यासारखी आहे.

आधी एक समजून घ्या. या चौकशीत 'तुम्ही अमेरिकेशी एकनिष्ठ आहात का' असा प्रश्न तुमच्या नात्यांवरून विचारला जात नाही. निष्ठेचा निकष वेगळा आहे. 8 जून 2017 पासून सगळ्या खात्यांना मिळून तेरा निकष लागू आहेत, ए पासून एम पर्यंत. निष्ठा 'ए' मध्ये येते. परदेशी नाती 'बी' मध्ये येतात, आणि तिथला प्रश्न असा: तुमच्या जवळच्या माणसाला हाताशी धरून, धमकावून किंवा गोंजारून कोणी तुम्हाला कात्रीत पकडू शकेल का? एका बाजूला आई आणि दुसऱ्या बाजूला कुलपातली फाइल, अशी वेळ तुमच्यावर कोणी आणू शकेल का? हा तुमच्या चारित्र्यावरचा ठपका नाही. उलट जो मुलगा आईसाठी जीव टाकतो, त्याच्याच बाबतीत हा प्रश्न खरा ठरतो. अशीलांना हे समजलं की त्यांचा अर्धा राग जातो, आणि राग गेला की फॉर्म नीट भरला जातो.

पूर्वी हा प्रश्न इतक्या सभ्यपणे विचारला जात नसे. 1953 मध्ये मायलो रॅड्युलोविच नावाच्या मिशिगनच्या तरुणाला वायुदलाच्या राखीव दलातून काढायला निघाले होते. हवामान विभागातला लेफ्टनंट. त्याच्या स्वतःच्या निष्ठेबद्दल शंका नाही, हे वायुदलानेच सांगितलं होतं. आक्षेप होता त्याच्या वडिलांवर आणि बहिणीवर. वडील सर्बियातून आलेले कामगार, ते एक सर्बियन वर्तमानपत्र घेत. बहिणीची मतं डावी समजली जात. या दोघांशी जवळचे संबंध ठेवतो, म्हणून तो धोक्याचा! त्याने राजीनामाही दिला नाही आणि बाप-बहिणीला दूरही लोटलं नाही. पत्रकार एडवर्ड मरो यांनी ऑक्टोबरमध्ये ते प्रकरण दूरचित्रवाणीवर दाखवलं आणि पुढच्याच महिन्यात वायुदलाच्या सचिवांनी त्याला कायम केलं.

त्याच वर्षी विल्यम ग्रीन या विमान अभियंत्याची क्लिअरन्स गेली. एका कंपनीचा उपाध्यक्ष, वर्षाला 18,000 डॉलर पगार. आक्षेपांपैकी बरेच त्याच्या पहिल्या बायकोच्या ओळखीपाळखींवरचे होते, आणि घटस्फोट होऊनही काही वर्षं झाली होती. पुढे त्याला 4,400 डॉलरवर ड्राफ्ट्समनचं काम करावं लागलं. ज्यांच्या सांगण्यावरून हे घडलं त्यांची उलटतपासणीही त्याला करू दिली नाही. 1959 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला आणि 1960 मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी आदेश काढून खाजगी कंत्राटदारांच्या कर्मचाऱ्यांना सुनावणीचा हक्क दिला. उद्या तुमच्यावर आक्षेप आलाच तर तुम्ही न्यायाधीशापुढे बसून बोलू शकाल, तो हक्क तिथून आलेला आहे. भारतात जन्मलेल्या अशीलांना मी ही दोन प्रकरणं नेहमी सांगते. आपणच पहिले नाही, हे कळलेलं बरं.

मात्र हक्क सुनावणीचा आहे, क्लिअरन्सचा नाही. 1988 च्या ईगन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की क्लिअरन्स मिळण्याचा हक्क कोणालाच नसतो, आणि चूक व्हायचीच असेल तर ती नकाराच्या बाजूने व्हावी. आपल्याकडच्या फौजदारी खटल्यात संशयाचा फायदा आरोपीला मिळतो. इथे तो सरकारला मिळतो. सरकारने एकदा वाढीव धोका दाखवला की तो कसा कमी होतो हे सांगायची जबाबदारी तुमच्यावर येते. 'त्यांनी काय सिद्ध केलं?' या पवित्र्यात गेलेला माणूस हरतो.

आता फोनचं. कोणी ना कोणी दर वर्षी मला हे विचारतं. निकष 'बी' मध्ये धोका कमी करणाऱ्या ज्या गोष्टी दिल्या आहेत, त्यांत एक अशी आहे की संपर्क जुजबी आणि क्वचितचा असेल तर चिंता नाही. ही ओळ वाचून लोकांना वाटतं, फोन कमी केला की झालं. पण आई-वडील आणि भावंडं यांच्याशी माया असते, हे न्यायाधीश गृहीतच धरतात. बायकोच्या माहेरच्या माणसांबद्दलही तसंच, कारण तिची ओढ ती तुमची ओढ. महिन्यातून एकदा बोललात म्हणून सख्ख्या आईशी जुजबी संबंध आहेत असं कोणीही मानत नाही, आणि मानू नये. माझ्या एका अशिलाने मला भेटण्याआधीच असं केलं होतं. दर रविवारी आईला फोन करणाऱ्या माणसाने फॉर्मवर 'तीन महिन्यांतून एकदा' लिहिलं, आणि तसं खरं ठरावं म्हणून खरोखर फोन बंद केले. सुनावणीत सरकारी वकिलाने फक्त एवढंच विचारलं, की हे नेमकं कोणत्या महिन्यात कमी झालं, आणि का. त्याने खरं सांगितलं. पुढचा सगळा वेळ त्याच्या सचोटीवरच गेला. आईचा विषय बाजूलाच राहिला. आई तिकडे तीन महिने काळजीत होती, ते वेगळंच.

तेव्हा दर रविवारी बोलता ना, तसंच लिहा: आठवड्यातून एकदा, व्हिडिओ कॉल आणि व्हॉट्सअ‍ॅप. दर महिन्याला पैसे पाठवत असाल तर तेही. फॉर्म स्पष्ट विचारतो की परदेशी नागरिकाला कधी आर्थिक आधार दिलात का. म्हाताऱ्या आई-बापाला पैसे पाठवणाऱ्या मुलाकडे कोणताही न्यायाधीश वाकड्या नजरेने बघत नाही.

मग धोका कमी कशाने होतो? दोन गोष्टींनी. पहिली, ती माणसं कोण आहेत, काय करतात आणि कोणत्या देशात राहतात. दुसरी, तुमची इथली मुळं किती खोल गेली आहेत. दोन्हींवर काम करता येतं.

देशापासून सुरुवात करू. चीन, रशिया किंवा इराणमध्ये जवळचे नातेवाईक असतील तर अर्जदारावर फार जड ओझं असतं. भारत त्या रांगेत नाही. 2016 मध्ये अमेरिकेने भारताला प्रमुख संरक्षण भागीदार म्हटलं, 2020 पर्यंत रसद, सुरक्षित संदेशवहन आणि नकाशांची देवाणघेवाण असे करार झाले. हे सगळं तुमच्या बाजूचं. पण 'भारत मित्र देश आहे, मग प्रश्नच कुठे येतो?' एवढ्यावर थांबू नका. मित्रदेशही माहिती काढतात. 1985 मध्ये जोनाथन पोलार्ड इस्रायलसाठी हेरगिरी करताना पकडला गेला. 1996 मध्ये अमेरिकी नौदलाच्या गुप्तवार्ता विभागातला, जन्माने कोरियन असलेला रॉबर्ट किम दक्षिण कोरियाच्या दूतावासातल्या नौदल अधिकाऱ्याला कागद पुरवताना सापडला. दोघांच्याही मनात आपण मित्रालाच मदत करतोय, अमेरिकेचं काही बिघडवत नाही, अशी भावना होती. निर्णय करणाऱ्यांना नेमकी हीच भावना धोक्याची वाटते. भारताबद्दल सरकारी वकील दहशतवाद, काश्मीर, औद्योगिक हेरगिरी यांवरची सरकारी कागदपत्रं पुढे ठेवतात. नोव्हेंबर 2023 मध्ये न्यूयॉर्कच्या एका आरोपपत्रात म्हटलं होतं की हत्येचा कट एका भारतीय सरकारी कर्मचाऱ्याच्या सांगण्यावरून रचला गेला, त्याचाही उल्लेख येऊ शकतो. त्यावर वाद घालत बसू नका. 'ही परिस्थिती मला माहीत आहे, माझ्या घरच्यांशी तिचा संबंध नाही, आणि असा प्रसंग आलाच तर मी तत्काळ सुरक्षा अधिकाऱ्याला कळवीन,' एवढं उत्तर पुरतं.

बाबा निवृत्त शिक्षक. जिल्हा परिषद सरकारी आहे, म्हणून 'परदेशी सरकारशी संबंध आहे का' या रकान्यात 'हो' येईल आणि पेन्शनचा उल्लेखही येईल. घाबरू नका. सांगलीतला निवृत्त गुरुजी आणि दिल्लीतला मंत्रालयातला अधिकारी यांतला फरक त्यांना कळतो. सासरे काय करत होते हेही तितक्याच तपशिलाने लिहा. लोक सासरकडचं विसरतात, आणि ते फॉर्ममध्ये आई-वडिलांच्याच भागात विचारलेलं आहे.

भावावर मात्र थांबून बोलायला हवं.

फॉर्मवर, म्हणजे एसएफ-86 वर, परदेशात राहणाऱ्या प्रत्येक जवळच्या नातेवाइकाबद्दल विचारतात की त्याचा परदेशी सरकार, सैन्य, सुरक्षा यंत्रणा, संरक्षण उद्योग किंवा गुप्तचर यंत्रणा यांच्याशी संबंध आहे का. डीआरडीओ भारताच्या संरक्षण मंत्रालयाखाली येतं. तिथे 'सरकारी नोकरी' लिहिणं म्हणजे प्रश्न चुकवणं. फॉर्मच्या सुरुवातीच्या सूचनांतच स्पष्ट छापलेलं असतं की जाणूनबुजून खोटं लिहिलं तर पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. आणि शिक्षा दूरची गोष्ट. चौकशी अधिकारी मुलाखतीत पहिला प्रश्न 'सरकारी म्हणजे कुठे?' हाच विचारणार. तेव्हा पहिल्यांदा 'डीआरडीओ' हा शब्द तुमच्या तोंडून निघाला, तर विषय भावाचा, म्हणजे निकष 'बी' चा, राहत नाही; तुम्ही स्वतः निकष 'ई' मध्ये जाता. 'ई' म्हणजे सचोटी. 'बी' मधला भाऊ समजावून सांगता येतो. 'ई' मधली लपवाछपवी समजावून सांगणं फार अवघड.

काय लिहायचं? संस्थेचं नाव, प्रयोगशाळेचं जे नाव तो चारचौघांत सांगतो ते, त्याचं पद. त्यापुढे काही नाही, आणि मुख्य म्हणजे त्याला विचारूही नका. 'दादा, फॉर्मसाठी हवंय, तू नक्की कशावर काम करतोस?' असा फोन अजिबात करू नका. त्याच्यावरही गोपनीयतेची बंधनं आहेत. 2023 मध्ये पुण्यातल्याच डीआरडीओच्या एका वरिष्ठ शास्त्रज्ञाला पाकिस्तानी हस्तकाला माहिती दिल्याच्या आरोपावरून एटीएसने अटक केली, हे तुम्ही वाचलं असेलच. अशा वातावरणात परदेशात राहणारा, परदेशी नागरिक झालेला धाकटा भाऊ कामाबद्दल विचारतोय, ही त्याच्यासाठीही नको ती अडचण. त्याला फक्त एवढं सांगा की मी असा अर्ज करतोय आणि त्यात तुझं नाव आणि तुझ्या संस्थेचं नाव येणार आहे. त्याला त्याच्या कार्यालयात काही कळवायचं असेल तर तो कळवील. 'माहीत नाही' हे उत्तर फॉर्मवर चालतं. माझ्या मते तुमच्या प्रकरणातलं ते सगळ्यात चांगलं उत्तर आहे, कारण त्यातून दिसतं की दोघं भाऊ कामाचं बोलत नाहीत.

आता कठीण भाग. मी तुमच्या जागी असते तर पहिली चौकशी ही केली असती, की कंपनी मला कोणत्या कामावर लावणार आहे. तुमचं काम रुग्णालयांच्या नोंदींचं किंवा पगारपत्रकाचं असेल आणि भावाचं दारूगोळ्याचं, तर दोघांचे रस्ते कुठे मिळत नाहीत. पण तो क्षेपणास्त्रांवर आणि तुम्हीही क्षेपणास्त्रांच्या मार्गदर्शन यंत्रणेच्या सॉफ्टवेअरवर, असं असेल तर प्रकरण बदलतं. तिथे दबाव किंवा धमकी हा मुद्दा राहत नाही. भावाला मदत करावी अशी स्वाभाविक इच्छा आणि गुप्तता पाळण्याचं बंधन यांच्यातला संघर्ष हा मुद्दा होतो. तिसऱ्या कोणाची गरजच लागत नाही. असं असेल तर कंपनीला आधी सांगा आणि वेगळ्या प्रकल्पावर काम मागा. हा सल्ला मी फार थोड्यांना देते, कारण फार थोड्यांना तो लागू पडतो. तुम्हाला पडतो का, ते तुम्हीच पाहू शकता.

भावाशी जवळीक आहे हे नाकारू नका. गणपतीला तो सांगलीला येतो, तुम्ही व्हिडिओवर आरतीला असता, त्याच्या मुलीच्या शिक्षणाचं तुमच्याशी बोलतो. हे सगळं सांगा. मी असे निकाल वाचलेले आहेत, जिथे परदेशी सरकारात काम करणाऱ्या भावाशी अर्जदाराचं प्रेम होतं आणि तरीही क्लिअरन्स मिळाली, कारण न्यायाधीशाला पटलं की पेच आलाच तर हा माणूस कुठल्या बाजूला उभा राहील हे नक्की आहे. हे निकाल अर्जदारांची नावं झाकून प्रसिद्ध होतात. भारताचे थोडे वाचा. न्यायाधीश काय विचारतात, याचा अंदाज माझ्या सांगण्यापेक्षा त्यातून चांगला येईल.

पटवायचं कशाने? मुळांनी. निकष सांगतो की अमेरिकेशी इतकी खोल आणि जुनी नाती असली पाहिजेत, की पेच आला तर निर्णय अमेरिकेच्या हिताचा होईल असा भरवसा वाटावा. हे भाषणाने होत नाही. वीस वर्षांचं इथलं आयुष्य कागदावर मांडावं लागतं: घर, त्यावरचं कर्ज आणि फेडलेली रक्कम, निवृत्तीचा फंड, करभरणा, मतदान, मुलांची शाळा, तुम्ही प्रशिक्षण देता ती मुलांची टीम, शेजारी, पूर्वीचे साहेब. मराठी मंडळाचं काम करता? तेही सांगा, ते इथलंच आहे. फक्त साक्षीपत्रं सगळी मंडळातल्याच मित्रांची आणू नका. ज्यांनी तुम्हाला कामाच्या ताणाखाली पाहिलंय आणि नियम पाळताना पाहिलंय, अशा दोन-तीन माणसांची पत्रं वीस कौतुकपत्रांहून जड असतात. बायको नागरिकत्वाला पात्र झाली असेल आणि तिला स्वतःला हवं असेल, तर तिचा अर्ज झालेला चांगला. केवळ तुमच्या क्लिअरन्ससाठी तिला ते करायला लावू नका. तो तिचा निर्णय आहे.

जमिनीबद्दल आपल्या लोकांचा सगळ्यात जास्त गोंधळ होतो. 'माझ्या नावावर भारतात काही नाही,' असं अशील छातीवर हात ठेवून सांगतो आणि सातबारा काढला की नाव निघतं. आजोबा गेल्यावर वारस नोंद झाली, काकांनी वाटणी केली, फेरफारावर तुमचं नाव चढलं, तुम्ही तेव्हा टेक्सासमध्ये परीक्षा देत होतात. म्हणून फॉर्मआधी महाभूमीच्या संकेतस्थळावरून सातबारा आणि आठ-अ काढा. फेरफाराच्या जुन्या नोंदी बाबांना तलाठ्याकडून आणायला सांगा. नाव निघालं तर लिहा: अमुक गुंठे, वारसाहक्काने, अंदाजे किंमत, कसतं कोण, उत्पन्न येतं का. मग ती किंमत तुमच्या इथल्या मालमत्तेशेजारी ठेवली जाते. मिरजेची काही लाखांची जमीन आणि व्हर्जिनियातलं घर यांची तुलना न्यायाधीश स्वतः करतात, आणि बहुतेक वेळा मुद्दा तिथेच संपतो. घाईने हक्कसोडपत्र करून भावाच्या नावे जमीन करू नका. कोणी सांगितलेलं नाही. शिवाय फॉर्मच्या तोंडावर केलेला व्यवहार नवे प्रश्न आणतो.

बँकेचंही तसंच. आईने सोयीसाठी आपल्या खात्यात तुमचं नाव जोडून ठेवलंय का, पूर्वीचं पीपीएफ राहून गेलंय का, अनिवासी भारतीयांचं एनआरओ खातं आहे का, हे विचारून घ्या. परदेशातल्या सगळ्या खात्यांची शिल्लक मिळून वर्षात एकदाही 10,000 डॉलरच्या वर गेली असेल, तर अमेरिकेच्या अर्थखात्याला दर वर्षी वेगळी माहिती द्यावी लागते. आईबरोबरचं जोडखातंही त्यात धरतात. ती दिली नसेल तर आधी करसल्लागाराकडे जाऊन ते सरळ करा. न भरलेली ही माहिती मुलाखतीत बाहेर आली की आर्थिक जबाबदारीचा निकषही उघडतो.

ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण असेलच. नावात 'नागरिक' असलं तरी ते नागरिकत्व नाही; भारताची राज्यघटना आणि 1955 चा नागरिकत्व कायदा दुहेरी नागरिकत्व मान्यच करत नाहीत. ओसीआयधारकाला मतदान करता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. म्हणून दुहेरी नागरिकत्वाच्या प्रश्नाला 'नाही' लिहा आणि शेरा लिहायच्या जागेत कार्डाबद्दल दोन ओळी लिहा: कधी घेतलं, कशासाठी. जुना भारतीय पासपोर्ट परत केल्याचं प्रमाणपत्र सोबत ठेवा. नागरिकत्व घेतल्यानंतर त्या पासपोर्टवर एकदाही प्रवास केला असेल तर आत्ताच मला किंवा तुमच्या वकिलाला सांगा.

व्हॉट्सअ‍ॅपचे गट हा अलीकडचा प्रश्न. दहावीच्या गटात 84 जण आहेत म्हणून 84 नावं लिहायची नसतात. गेल्या सात वर्षांत ज्यांच्याशी माया, प्रभाव, समान आवडी किंवा उपकाराचं बंधन आहे आणि संपर्क टिकून आहे, अशीच माणसं विचारली आहेत. जो मित्र तुमच्या लग्नाला आला, ज्याला सांगलीला गेलात की भेटताच, ज्याला अडचणीत पैसे दिलेत, तो लिहा. जो फक्त सुप्रभातचे निरोप टाकतो, तो नको. शंका असेल तेव्हा मी लिहिण्याच्या बाजूने असते.

एवढं करूनही आक्षेपाचं पत्र येऊ शकतं. तुमच्या बाबतीत भावामुळे येण्याची शक्यता मी धरून चालते. पत्र आलं म्हणजे नकार आला असं नाही. उत्तराला वीस दिवस असतात. प्रत्येक आरोपापुढे 'मान्य' किंवा 'अमान्य' लिहायचं, शपथेवर. 'माझा भाऊ भारताच्या संरक्षण मंत्रालयात काम करतो' हे खरं असेल तर 'मान्य' लिहा, खाली खुलासा द्या आणि सुनावणी मागा. नुसत्या कागदांवर निर्णय मागायचाही पर्याय असतो. नात्यांच्या प्रकरणात तो मी कधीच निवडत नाही, कारण न्यायाधीशाला तुमचा चेहरा दिसायला हवा, भावाबद्दल बोलताना तुम्ही अडखळता की सरळ बोलता हे दिसायला हवं. हरलात तर अपील आहे, आणि वर्षभरानंतर पुन्हा अर्जही करता येतो. तुमच्या विशिष्ट कागदांवर सल्ला देणारा वकील मात्र त्या वीस दिवसांत नक्की गाठा. मी इथे लिहिलंय ते सर्वसाधारण आहे.

आणि क्लिअरन्स मिळाल्यावर काय, हेही आत्ताच माहीत असू द्या, कारण आपल्याकडे प्रसंग अचानक येतात. भारतात जायचं तर आधी कंपनीच्या सुरक्षा अधिकाऱ्याला कळवावं लागतं. नवा परदेशी संबंध, नवं खातं, नावावर आलेली जमीन, भावाची बदली किंवा बढती, तेही कळवायचं. मध्यरात्री फोन आला की बाबांना दवाखान्यात हलवलंय, तर विमानतळावर जाताना सुरक्षा अधिकाऱ्याला किंवा साहेबांना दोन ओळींचा निरोप टाका की घरी तातडीचं आहे, भारतात जातोय. तारखा, विमानं, कोणाला भेटलात, हे सविस्तर परत आल्यावर कामाच्या पाच दिवसांत द्यायचं असतं. त्या अधिकाऱ्याचा नंबर आजच मोबाइलमध्ये घालून ठेवा, आणि बायकोच्याही.